धारजाईनं दिलेली वाट

बारा पायऱ्या उतरेपर्यंत आमच्या मालकांनी मला तीन वेळा हिसका दिला. मुद्दाम नव्हे. त्यांच्या उपरण्याला माझ्या शालूचा पदर बांधलेला, पायऱ्या अरुंद आणि ओल्या, आणि हा माणूस घाबरला की भराभरा पुढं चालतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लग्नाला तिसराच दिवस होता. त्यांचं तोंडसुद्धा मी अजून समोरून नीट बघितलं नव्हतं.

"शिदबा, दमानं," मागून सासूबाई म्हणाल्या. "गाठ सुटली तर पुन्यांदा घरापासनं सुरवात. देवीचा तसा नेमच हाय."

धारजाई ही माझ्या सासरची कुलदेवी. नव्या जोडीनं तिसऱ्या दिवशी गाठ बांधून तिच्या दर्शनाला जायचं, ओटी भरायची आणि घरी आल्यावरच गाठ सोडायची, असा रिवाज. देवी डोंगराच्या पोटात बसलेली. कड्याच्या तळाशी गुहेचं तोंड, तिथून बारा पायऱ्या खाली, मग दहा-बारा हात वाकून जावं लागेल असा, पायऱ्यांकडच्या तोंडाशी खोलगट बोगदा, आणि त्यापुढं एखाद्या घराच्या सोप्याएवढी खोली. खोलीत चौथऱ्यावर शेंदूर लावलेला देवीचा अनघड दगड, म्हणजे तांदळा, त्याच्यामागं खडकातून पाझरणारी बारीक धार, आणि डाव्या कोपऱ्यात जमिनीलगत घमेलं मावेल एवढं भोक. त्याला मोरी म्हणत. धारेचं पाणी त्या मोरीतून डोंगराबाहेरच्या ओढ्यात जायचं. पाण्याला बाहेर जायला तेवढी एकच वाट होती.

आत आम्ही पाच जण. मी, मालक, सासूबाई, सासरे आणि म्हादबा गुरव, म्हणजे देवीचा पुजारी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामंजी. गाडीवान वर गुहेच्या तोंडाशी बैलं सोडून बसला होता. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर वैशाखाचं रणरणतं ऊन होतं.

सगळे देवीकडं बघत होते आणि मी त्या मोरीकडं बघत होते. सवय वाईट. पाणी दिसलं की ते कुठून येतं आणि कुठं जातं हे आधी बघायचं, असं आबांनी मला शिकवलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील, सोपानराव. तीन एकराचे शेतकरी. पण आसपासच्या वीस-पंचवीस गावांत त्यांना ओळखत ते वेगळ्याच कामासाठी. कुणाची घागर विहिरीत पडली, बैलाची साखळी पडली, की आबांना बोलावणं यायचं. आणि माणूस पडलं तरी आबांनाच. ते बुडी मारायचे आणि वर घेऊन यायचे. ते काम करून आलेल्या माणसाला लोक पाणी लांबून देत. आमच्या घरी लग्नाची अक्षत कधी यायची नाही. आबा त्याबद्दल कुणाला काही बोलत नसत. मी एकटीच पोर, म्हणून दहा वर्षांची असल्यापासून त्यांनी मला बुडी शिकवली. अरुंद आडात त्यांचे खांदे जात नसत, मी जायची. घागरी-तांब्ये मी पुष्कळ काढले. माणूस असलं की मात्र मला घरी ठेवत.

अशा घरची मुलगी कोण करणार? माझ्या मामानं ही सोयरीक जमवली तेव्हा शेती सांगितली, विहिरी सांगितल्या नाहीत. निघताना त्यानं मला बजावलं होतं, "अनशे, बापाचा धंदा तोंडातनं काढलास तर त्याच पावली माघारी यावं लागंल. मग तुला कोण पुसत न्हाई." मी अठरा वर्षांची होते. मला माघारी यायचं नव्हतं. आबांच्या दारात परत जाऊन उभं राहायची कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

तर ओटी. आत्याबाईंनी साताऱ्याहून देवीसाठी जांभळ्या फुलांचं पातळ आणलं होतं. "नायलॉनचं हाय," त्यांनी गुरवाला सांगितलं. "इस्त्री लागत न्हाई." देवीला इस्त्रीची काय अडचण होती कुणास ठाऊक. पण तेव्हा ते नवीन निघालं होतं आणि गावागावातल्या बायका देवीला हौसेनं नायलॉन नेसवीत होत्या. पूर्वी ओटीला सुती खण असायचा. तो मोरीच्या पाण्यात सोडायचा, वाहून गेला म्हणजे देवीनं घेतला. राहिला, तर देवी नाराज.

मालकांनी आणि मी मिळून ते पातळ पाण्यात सोडलं. ते मोरीपर्यंत गेलं आणि तिथंच फुगून बसलं. आत्याबाईंचा चेहरा पडला. म्हादबा गुरवानं कोपऱ्यातली बाभळीची काठी उचलली आणि पातळ आत ढोसलं. चांगलं तीन-चारदा ढोसलं. शेवटी ते आत गेलं.

"घेतलं!" तो ओरडला. "घेतलं देवीनं!"

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. त्याची काठी त्या दिवशी जरा जास्तच खोल गेली असं मला वाटलं, पण नव्या सुनेनं काय बोलायचं.

आरती निम्मी झाली असेल, तेव्हा धारेचा आवाज बदलला. तांदळ्यामागची बारीक धार मनगटाएवढी झाली होती आणि पाणी गढूळ होतं.

"वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर वळीव कोसळला वाटतं," म्हादबा म्हणाला. "जातंय वाहून. आपलं चालू द्या."

आम्ही आरती पुरी केली, प्रसाद वाटला. तोवर पाणी घोट्याच्या वर आलं. मामंजी म्हणाले, "चला आता," आणि बोगद्यात वाकले. आम्ही दोघं गाठीसकट त्यांच्या मागं निघतोय तोच ते खोकत परत आले. अंग छातीपर्यंत भिजलेलं.

"पायऱ्यांवरनंबी लोट येतुया," ते म्हणाले. "पल्याड बोगद्याचं छत पाण्याला टेकलंया. वाट न्हाई."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मालकांनी गाडीवानाला हाका मारल्या. त्या पाण्यातून वर कुठल्या जायला? तो गावाकडं धावला असणार असं मामंजी म्हणाले. गाव दोन कोसांवर. लोक येणार, दोर आणणार, पण दोर घेऊन ते त्या बुडालेल्या बोगद्याचं काय करणार, हे कुणी बोललं नाही. पाणी गुडघ्याला आलं. आत्याबाई म्हणाल्या, चौथऱ्यावर चढू या. म्हादबा म्हणाला, देवीच्या शेजारी पाय ठेवायचा म्हणजे पाप. मग पाणी मांडीला आलं तेव्हा आधी तोच चढला आणि समई उचलून धरून बसला.

मी पाण्याकडं बघत होते. ओटीतल्या तांदळाचे दाणे, झेंडूच्या पाकळ्या, कापूर घेऊन आलेलं विड्याचं पान, सगळं पाण्यावर तरंगत होतं आणि जागच्या जागी गोल फिरत होतं. एकही पाकळी मोरीच्या कोपऱ्याकडं सरकत नव्हती. मी मालकांना तसंच ओढत दोन पावलं त्या बाजूला गेले आणि पायानं चाचपलं. पायाला ओढ लागली नाही. मोरी तुंबली होती. पाणी येत होतं आणि जात मात्र नव्हतं, आणि ही खोली वरच्या पायऱ्यांपर्यंत भरल्याशिवाय ते थांबणार नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दहा-बारा हातांचा बोगदा म्हणजे माझ्यासाठी काहीच नव्हतं. एका दमात मी पलीकडं गेले असते, पायऱ्या चढून उन्हात उभी राहिले असते. कुणाला बरोबर न्यायचं म्हटलं तर ते जमणार नव्हतं. पोहता न येणारा माणूस पाण्याखाली गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही संपतात, हे आबांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण एकटी मी सुटले असते. तो विचार माझ्या मनात आला, आणि आल्याबरोबर गेला असं म्हटलं तर ते खोटं होईल. बराच वेळ थांबला तो. ही माणसं माझी कोण होती? तीन दिवसांची ओळख. आणि मोरीत उतरायचं म्हटलं तरी मला येतं कसं, हे सांगावं लागणार होतं.

तेवढ्यात आत्याबाईंनी माझा हात धरला. त्या बुटक्या, पाणी त्यांच्या कमरेच्या वर आलं होतं. दातावर दात आपटत होते. आणि मला म्हणतात, "घाबरू नगं पोरी. मी हाय न्हवं."

मला रडूच आलं. मी म्हणाले, "आत्याबाई, मला पाण्यात जाता येतं."

"म्हंजी?"

"मोरी तुंबलीया. मी बुडी मारून मोकळी करते."

मामंजी वळले. "तुला कुणी शिकिवलं?"

"आबांनी."

"शेतकऱ्याला कशाला लागतीया बुडी?"

"ते विहिरीतनं काढतात."

"काय काढत्यात?"

"भांडी," मी म्हणाले. मग म्हटलं, एवढं सांगितलं तर बाकीचं कशाला ठेवायचं. "आणि माणसं."

"मढी?" मामंजी ओरडले. "मढी काढणाऱ्याची पोर आणली व्हय माझ्या घरात? त्यो तुझा मामा बोलला न्हाई ते! पाच जणांच्या बैठकीत त्यानं..."

पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं आणि ते सोयरीक तपासत होते. माणसाचं डोकं कुठं अडकेल सांगता येत नाही.

"आवं, बास करा!" आत्याबाई म्हणाल्या. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मामंजींनीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण ते गप्प झाले. "जितं ऱ्हायलो तर भांडू. पोरी, काय काय करावं लागंल सांग."

"मोरीत जे अडकलंय ते ओढून काढायचं."

वरून म्हादबा म्हणाला, "देवीनं घेतलेली ओटी माघारी काढायची न्हाई. कोप हुईल."

"देवीनं घेतली असती तर पाणी तुंबलं असतं व्हय?" आत्याबाई कडाडल्या. "तुझ्या काठीनं घेतली, म्हादबा. वरीस वरीस तुझ्या काठीनंच घेतली."

म्हादबानं समईची वात पुढं सारली.

दुसरी अडचण माझ्या अंगावर होती. नऊवारी शालू भिजून मणाचा झालेला. तो नेसून बुडी मारणं म्हणजे दगड बांधून उडी मारण्यासारखंच. आत परकर-पोलकं होतं, पण तीन दिवसांच्या नवरीनं सासऱ्यासमोर... मी नुसतीच आत्याबाईंकडं बघितलं. त्यांना कळलं.

"तोंडं फिरवा," त्या म्हणाल्या. "समद्यांनी. भितीकडं."

मामंजी आणि मालक भिंतीकडं वळले. म्हादबाही वर समई धरून पाठमोरा झाला. आत्याबाई माझा शालू सोडायला लागल्या. पदराची गाठ भिजून अशी आवळली होती की नखानं सुटेना.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. त्यांनी शालूचं दुसरं टोक माझ्या कमरेला दोन वेढे देऊन करकचून बांधलं. तिकडचं टोक मालकांच्या उपरण्याला होतंच. "शिदबा, ह्ये धर. सोडलास तर बघ. गाठ तशीच हाय, मधी फकस्त नऊ वाराचं अंतर पडलंया."

भिंतीकडं तोंड करूनच मालक माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "कितीक येळ धरू?"

"मी दोन हिसके दिले की ओढा."

"आन् न्हाई दिलं तर?"

मी छाती भरून दम घेतला. आमच्या संसारातलं ते पहिलं बोलणं.

पहिल्या बुडीत मला काहीच दिसलं नाही. समईचा उजेड पाण्याखाली येत नव्हता. भिंतीला हात लावत कोपऱ्यात गेले आणि मोरी सापडली. आबा सांगायचे, पाणी जिकडं जातंय तिकडं हात सरळ घालायचा नाही, बाजूनं घालायचा. एकदा वाट मोकळी झाली की पाणी माणसाला ओढतं आणि बुचासारखं बसवतं. मी भिंतीला चिकटून बाजूनं हात घातला. पहिलं हाताला लागलं ते आमचंच. गुळगुळीत, आणि सळसळत निघालं. वर आले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "ह्ये तर जांभळं," आणि ते गळ्याशी धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बुडीला पातळं निघत गेली. हिरवं, गुलाबी, ठिपक्यांचं. एकही फाटलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं काय झालं होतं ते. सुती खण एका पावसाळ्यात कुजून जायचा आणि मोरी आपोआप मोकळी व्हायची. नायलॉन कुजत नाही. दोन-तीन वर्षांची हौस तिथं एकात एक पीळ पडून बसली होती. त्याच्या मधे नारळांच्या शेंड्या, फुटक्या बांगड्या. बोटं कापत होती, पण गार पाण्यात ते जाणवत नव्हतं.

प्रत्येक वेळी वर आले की पाणी वाढलेलं असायचं. सातव्या बुडीनंतर मालकांनी आईला चौथऱ्यावर चढवून बसवलं होतं, तरी पाणी त्यांच्या मांडीवर आलं होतं. मामंजींना खाली छातीइतकं. ते भिंतीकडं तोंड करूनच म्हणत होते, "त्या मामाला मी सोडत न्हाई." मला हसू आलं. श्वास लागलेला असताना हसणं बरं नव्हे, म्हणून मी थोडी थांबले.

आठव्या बुडीला हाताला लाकूड लागलं. म्हादबाच्या एखाद्या जुन्या काठीचा मोडका तुकडा आडवा अडकला होता आणि सगळं त्याच्यावर अडून बसलं होतं. तो हलेना. वर आले, दम घेतला. मालकांनी न वळताच विचारलं, "झालं?"

"एकदा अजून."

नवव्या बुडीला मी दोन्ही पाय भिंतीला लावले आणि ते लाकूड ओढलं. नखं निघाली, ते मला कळलं. लाकूड सुटलं. आणि त्याच क्षणी मागचा सगळा गठ्ठा आत गेला आणि पाण्यानं मला उचललं. बाजूनं राहायचं ते राहिलंच. माझी कंबर मोरीवर जाऊन आदळली आणि तिथंच बसली. हात अंगाखाली अडकला. हिसका देता येईना. मला आबा आठवले नाहीत, देवीही आठवली नाही. एवढंच वाटलं की आता मला काढायला आबांनाच बोलावतील.

शालू ताठ झाला. मी हिसका दिलेलाच नव्हता. मालकांनी वाट न बघता ओढलं. कंबर हलली, पुन्हा बसली. मग दुसरी ओढ आली, ती एका माणसाची नव्हती. मी सुटले आणि वर आले तेव्हा तिघांचेही हात शालूवर होते. मामंजी माझ्याकडं तोंड करून उभे होते, आत्याबाई चौथऱ्यावरून खाली उतरून गळ्यापर्यंत पाण्यात. कुणाला लाजायचं भान नव्हतं. मलाही नव्हतं. कोपऱ्यात पाणी मोठ्यानं घोट घेत होतं.

बोगद्याचं छत वीतभर मोकळं व्हायला अर्धा-पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात आत्याबाईंनी मला शालू पुन्हा नेसवला आणि माझी बोटं त्याच जांभळ्या पातळाच्या फाडलेल्या चिंधीनं बांधली. मालक पाण्यात उभे राहून उपरण्याची गाठ बघत होते.

वर आलो तेव्हा वळीव निघून गेला होता. पायऱ्यांच्या तोंडाशी गाडीवान आणि गावातले पंचवीस-तीस लोक दोर, शिड्या घेऊन उभे होते. बायका रडत होत्या. सगळ्यांत पुढं म्हादबा बाहेर पडला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "देवीनं वाट दिली! पाणी गळ्याला आलं आन् आईनं वाट दिली!"

माणसं पायऱ्यांवर आडवी झाली. मग सगळ्यांनी मामंजींकडं बघितलं. मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मी पदराखाली हात लपवून, मालकांना बांधलेली, तशीच उभी होते.

"व्हय," मामंजी म्हणाले. "आमच्या सुनंची ओटी घेतली आन् वाट दिली."

परतताना बैलगाडीत आत्याबाई माझ्या कानाशी आल्या. "आता तुला कोण माघारी धाडत न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "जिच्या ओटीला देवी पावली तिला धाडत्याल कसं? पर मग तू बुडी मारलीस, लुगडं सोडलंस, ह्ये काय झालं न्हाई. आन् तुझ्या आबाचं नावबी ह्यात न्हाई. जमंल?"

मी मान हलवली. त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या, आणि त्यांनी मला शेवटपर्यंत लेकीसारखं वागवलं. तरीही ती मान हलवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

गोष्ट पसरली. दुसऱ्या वर्षी जत्रेला दुप्पट माणूस आणि चौपट नायलॉन. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाई मला म्हणाल्या, "चल, देवीला न्हाऊ घालून येऊ." त्या वर पायरीवर बसून कुणाला आत सोडत नसत, मी आणि मालक मोरीतली पातळं ओढून काढत असू. मग घरी त्यांच्या वाकळा शिवायच्या. आत्याबाई होत्या तोवर दर वर्षी हे केलं, नंतर आम्ही दोघांनी केलं. आता देवस्थानानं मोरीला लोखंडी जाळी बसवलीय आणि ओटीला पेटी ठेवलीय. मीच त्यांच्या मागं लागले होते. का, ते त्यांनी विचारलं नाही.

पण मला हे सगळं सांगायचं ते आबांसाठी.

आषाढ लागायच्या आधी आबा मला न्यायला आले. चमत्कार त्यांच्याही गावी पोचला होता. मामंजी डोकं दुखतंय म्हणून माजघरात पडून राहिले. आबांनी सोप्यात बसून ते बघितलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. आयुष्यभर असंच दारात बसलेला माणूस. आत्याबाईंनी स्वतः ताट आणलं, समोर बसून वाढलं. "पाव्हणं, सावकाश जेवा," त्या म्हणाल्या. "तुमची पोर लई गुणाची हाय." आबा खाली मान घालून जेवले.

आम्ही पायवाटेनं निघालो. गाठोडं त्यांच्या खांद्यावर. गाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "देवीनं वाट दिली म्हणत्यात."

"व्हय आबा."

थोडं पुढं जाऊन ते थांबले. "हात बघू."

मी हात पदराखाली घेतला. त्यांनी तो बाहेर काढला. तीन बोटांची नखं अजून आली नव्हती. आत्याबाईंना दिलेला शब्द मी मोडणार नव्हते, पण आबांनी मला काही सांगायला लावलंच नाही. ते बोटांकडं बघत होते, एखादं हत्यार तपासावं तसे.

"कितीदा गेलीस?"

"नऊदा."

"आत किती जण हुतं?"

"मला सोडून चार."

"चारी जिती?"

"चारी."

आबा वाटेकडेच्या दगडावर बसले. गाठोडं खाली ठेवलं. माझा हात त्यांच्या हातातच होता.

"मी आजवर एक्केचाळीस काढली," ते म्हणाले. "एकाचाबी हात कधी ऊन लागला न्हाई."

मग त्यांनी मान वर केली आणि एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "कसा लागतो गं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरला.

"असा, आबा," मी म्हणाले.